बंगळूरची सर्दी

पाटोद्यात इंटरनेट आपणच खांद्यावर वाहून आणलं, अशा ऐटीत तिथला हा सायबर कॅफेवाला कॉम्प्युटरपुढे बसायचा. फोनच्या लाईनवरून इंटरनेट जोडून मेल उतरवायचा, लाईन तोडायचा आणि मग गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचा. "हरेक मेलला नंबर अस्तो. मूळ मेल तिकडंच ऱ्हातो, पण उतरलेला नंबर मशीन ध्यानात ठेवतंय, तो मेल पुन्हा आणत न्हाई," हे तो बाजारात आलेल्या म्हशींनाही समजावून सांगे.

एका म्हातारीच्या पोरानं बंगळूरहून एकच मेल पाठवला, पुढं काहीच नाही. ती दर बाजाराला नवा मेल आला का विचारत यायची. ती दिसली की तिचा हिरमोड नको म्हणून हा त्या मेलचा नंबर मशीनच्या यादीतून हळूच पुसायचा. मशीन बिचारं तोच मेल नवा म्हणून उतरवायचं आणि हा खणखणीत वाचायचा, "आई, मी मजेत आहे. थोडी सर्दी आहे."

दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत हे चाललं. शेवटी म्हातारी म्हणाली, "बाबा, सर्दी लई दिसाची झाली. मी उद्याच बंगळूरला निघते."

ती तिकडं गेली की आपलं बिंग फुटणार, हे यानं ताडलं. "मावशी, तुमी कशाला जाता? त्यालाच बोलवू," म्हणत यानं पोराला मेल धाडला : आई लई आजारी हाय, लगेच ये.

पोरगं धापा टाकत एसटीतून उतरलं, तर म्हातारी काढा घेऊन उभी. दोघंही एकमेकांच्या कपाळाला हात लावून ताप बघत होती.