बाक इल्लो, बाक दिल्लो

पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा आमच्या फाटकापाशी एकदाच वाजला. एरवी मी बाहेर येईपर्यंत तो चार वेळा पिळतो. त्या दिवशी तो सायकल धरून नुसता उभा होता. उंडे पाव हातात देत म्हणाला, "वासू मेस्त सोंपलो, मास्तर. फांत्यार." पहाटेच गेला होता. मी विचारलं, "कुठला वासू?" डिचोलीत गिटारी बनवणारा वासू मेस्त एकच, हे पोदेराला माहीत, मला माहीत, शेंबड्या पोरालाही माहीत. तरी मी विचारलं. पोदेराने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच शिसारी आली. दुःख होईल अशी माझी कल्पना होती. इतक्या वर्षांचा स्नेह होता, दर रविवारची बैठक होती. पण पहिल्यांदा आली ती किळस, आणि आज महिना सव्वा महिना उलटला तरी ती उतरलेली नाही. उंडे तसेच टेबलावर राहिले, दुसऱ्या दिवशी त्यांना बुरशी आली.

वासू मूळचा पेडण्याचा. सुतारकाम घराण्यातलं, पण तरुणपणी म्हापशाला मिंगेल मेस्त नावाच्या म्हाताऱ्या कारागिराकडे राहून चर्चच्या फेस्ताच्या बँडवाल्यांची व्हायोलिनं आणि गिटारी जुळवायला शिकला. मग खाणीचे दिवस आले आणि इतरांसारखा तोही डिचोलीत येऊन खनिजाच्या ट्रकांच्या बॉड्या बांधू लागला. एकदा ट्रकाचा मागचा फाळका निसटून त्याच्या डाव्या हातावर पडला. तर्जनीचं हाड जुळलं, पण बोट कोयत्यासारखं वाकडं राहिलं. गिटारवाल्याचं डाव्या हाताचं पहिलं बोट म्हणजे काय, ते वाजवणाऱ्यालाच कळेल. ते एक बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात. गिटारीची पट्टी, म्हणजे मानेवरची जी लाकडी पट्टी तारांखाली असते ती, सपाट असली तर वाकडं बोट दोन कडांना टेकतं आणि मधल्या तारा मुक्या राहतात. वासूच्या मधल्या तारा मुक्या झाल्या. दुसरा असता तर त्याने गिटार विकून टाळ हाती घेतले असते. वासूने पट्टीच बदलली. शिसवीची नवी पट्टी घेतली आणि तिला आडवा बाक दिला, मध्ये उंच, कडांना उतरती. बोट जितकं वाकडं, पट्टी तितकी गोल. मग ते बोट तिच्यावर असं बसलं की जणू हाड तिच्यासाठीच मोडलं होतं.

तिथून त्याला नादच लागला. ज्याला त्याला तो म्हणायचा, "कोणाचाच बोट सरळ नसता. आपल्या बोटाची पट्टी आपणाक जाय." जाय म्हणजे हवी. गिऱ्हाईक आलं की वासू चिकणमातीचा एक गोळा काढायचा, चवथीच्या गणपतीसाठी लोक नेतात तीच माती, आणि त्याची डावी तर्जनी तिच्यावर आडवी ठेवायला सांगायचा. "दाबूं नका. मोकळा सोडा." ठसा उन्हात वाळवायचा, त्याच्यावरून पत्र्याचा साचा कापायचा आणि त्या साच्याच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून पट्टी घासत बसायचा. कुणाला बाक जास्त लागायचा, कुणाला कमी. सूर एकेरी छेडणाऱ्याला, तारा ओढून वाजवणाऱ्याला तो म्हणायचा, "तुमका चडसो बाक नाका, तार मधींच मरतली." बँडवाले यायचे, ट्रक डायव्हर यायचे, खाणीवरचे कामगार नखांत तांबडी माती घेऊन यायचे. वासू प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा. मी बाजूच्या स्टुलावर बसून पाहायचो आणि मला कसंसंच व्हायचं. दुसऱ्याच्या घामेजल्या बोटांची मला लहानपणापासून किळस. माझा ठसा घेतला तेव्हा मी आधी गोळा नवा मागितला आणि नंतर दोनदा साबणाने हात धुतला. वासू हसला आणि ठसा उन्हात नेऊन ठेवला.

मी मराठीचा मास्तर. गिटार वासूनेच शिकवली, पण त्याची ती गोल पट्टी मला कधी मानवली नाही. माझी बोटं लांब आणि काठीसारखी सरळ. गोल पट्टीवर कडेच्या तारा बोटाखालून निसटायच्या. माझी स्वतःची गिटार बाजारातली सपाट पट्टीची होती आणि मला तीच बरोबर वाटायची. शब्द नीट वाचा, सोयीची म्हणत नाही मी, बरोबर म्हणतो. जे माझ्या बोटाला सोयीचं ते बरोबर, हा माझा शुद्धलेखनाचा नियम. वासूच्या बोलण्याच्याही मी मागे लागायचो. तो पेडणेकरी बोलायचा. 'आला'ला 'इल्लो' म्हणायचा, 'दिलेला'ला 'दिल्लो'. मी म्हणायचो, "मेस्ता, आला म्हण, आला!" तो म्हणायचा, "आला, मास्तर," आणि पुढच्याच वाक्यात, "पावस इल्लो मगे."

मग ती वर्षं आली. गोवा घटकराज्य होण्याच्या आधीची, मराठी की कोंकणी या भाषावादाची. आज कोण कुठल्या बाजूला होता ते उगाळायची मला इच्छा नाही. मी मराठीच्या बाजूला होतो, घसा फोडून होतो, आणि त्याची मला लाज नाही. लाज दुसऱ्या गोष्टीची आहे. आमच्या बाजूची एक मोठी सभा डिचोलीत ठरली होती, सुरुवातीला मुलांचं समूहगीत, आणि साथीला गिटार हवी असं माझ्या डोक्यात आलं. आमच्यातल्या एकाने तोंड वेंगाडून म्हटलंही, "पाखल्यांचं वाद्य कशाला?" म्हणजे पोर्तुगीज गोऱ्यांचं. मी हट्टाने वासूची गिटार मागून आणली. तो स्वतः मैदानापर्यंत पोचवायला आला. लाउडस्पीकरवाला 'हॅलो हॅलो'ची आरती ओवाळत होता. गिटार हातात देताना वासू माझ्या कानाशी काहीतरी बोलला. मला ऐकू आलं, "सांबाळून हां मास्तर, पट्टेक बाक इल्लो आसा."

बाक इल्लो. म्हणजे बाक आलाय. लाकडाला बाक येतो तो दोषच, पावसात दार फुगतं तसा. आणि हे वाक्य मला पटलंही लगेच, कारण माझ्या बोटांना ती पट्टी पहिल्यापासून खोटीच वाटत होती. समूहगीताला वाजवायला जो पाहुणा आला होता, त्यानेही दोन सूर छेडून नाक मुरडलं, "पट्टी गेलीय हिची." झालं! इतकी वर्षं त्या पट्टीचं पुराण ऐकलेला मी, वासूचं बोट दर रविवारी पाहणारा मी, मला शंकासुद्धा आली नाही. उलट वाटलं, मेस्ताला वेळ नाही, बोलायचा संकोच आहे, आपण त्याला खूश करून टाकू. सभा संपल्यावर गिटार परस्पर म्हापशाला नेली. एका लाकडाच्या कारखान्यात रंधा मशीन होतं. तिथल्या माणसाने पट्टीवरचे पितळी पडदे उपटले, पट्टी मशीनखाली घालून आरशासारखी सपाट केली, पडदे परत ठोकले आणि मी न सांगता वरून व्हार्निशही फासलं. त्या व्हार्निशचा वास गोडूस, उलटी आणणारा. बसमध्ये मांडीवर गिटार घेऊन मी तो वास घेत आलो आणि स्वतःवर खूश होत आलो.

"मेस्ता, बघ तरी!" मी म्हटलं. वासूने गिटार घेतली, अंगठा पट्टीवरून आडवा फिरवला. परत फिरवला. खुर्चीवर बसून बोट आडवं टाकलं आणि छेडलं. कडेच्या तारा बोलल्या, मधल्या नाहीत. तारा ज्यांवर टेकतात त्या वरच्या नटाचा आणि खालच्या घोडीचा बाक तसाच होता, त्यामुळे मधल्या तारा आता पट्टीपासून वीतभर उंच असल्यासारख्या लोंबत होत्या. त्याने पुन्हा बोट टाकलं, इतकं जोराने की नख पांढरं पडलं. मग गिटार मांडीवरून उतरवली, खुंटीला लावली आणि म्हणाला, "बरी दिसता." आत बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी चहा घेतला. दोन बिस्किटंसुद्धा खाल्ली.

मला कधी कळलं? चार-पाच महिन्यांनी. मी नेहमीच्या स्टुलावर होतो. कारापूरचा एक माणूस वासूने घडवलेली गिटार घेऊन आला आणि म्हणाला, पट्टीला बाक आलाय. वासू हातातला रंधा न थांबवता म्हणाला, "बाक इल्लो जाल्यार मी मेस्त कित्याक? बाक इल्लो न्हय बाबा, दिल्लो. दिल्लो!" दुकानात दुसरा आवाज नव्हता. मैदानात लाउडस्पीकरने गिळलेला तो 'द' मला इतका स्वच्छ ऐकू आला की कानशिलं तापली. वर खुंटीला ती गिटार होती, चकचकीत. वासूने वर पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. बोलायची वेळ तीच होती. "मेस्ता, चुकलो," एवढे दोन शब्द. त्याने दुसऱ्या दिवशी शिसवीचा तुकडा काढून नवी पट्टी घासायला घेतली असती, मला वाटतं, घेतलीच असती. आपण होऊन नवी पट्टी बसवणं म्हणजे मास्तराने बिघडवली असं सांगणं, ते त्याच्याने झालं नाही. आणि मी? मी रुमालाने घाम पुसला आणि म्हणालो, "आज उकडतंय नाही?"

त्यानंतर वासूने गिटार वाजवली नाही. दुसऱ्यांच्या दुरुस्त केल्या, जुळवताना चार सूर छेडले तेवढेच. कुणी विचारलं तर म्हणायचा, "बोट दुखता." मी दर रविवारी जात राहिलो. एवढंच नाही, लोकांना सांगत राहिलो की वासूची गिटार मीच सरळ करून दिली. एकदा वासूसमोर सांगितलं. तो खाली मान घालून चिकणमाती मळत राहिला... पुढे धुळीने की कशाने, दम्याने त्याला धरलं. शेवटच्या भेटीत बोलायचं त्राण नव्हतं. कॉटवर पडल्या पडल्या त्याचं ते वाकडं बोट चादरीवर हलत होतं. मी त्याच्या पायाशी बसून शाळेतल्या बदल्यांच्या गप्पा मारल्या आणि उठून आलो.

शोकसभा झाली. अशा सभेचा मला आता कायमचा तिटकारा बसला आहे. टेबलावर वासूचा फोटो आणि शेजारी ती गिटार, तिच्या गळ्यात झेंडूची ओली माळ. पाणी ठिबकून पट्टीवर ओघळत होतं, पुसावं असं एकालाही वाटलं नाही. एक वक्ता म्हणाला, मेस्त आपल्या मराठीचा. दुसरा उठून म्हणाला, मेस्त कोंकणीचा पूत. ज्याने 'पाखल्यांचं वाद्य' म्हटलं होतं तो डोळे पुसत म्हणाला, "सुरांना धर्म नसतो." वाटलं, यांच्या तोंडावर थुंकावं. तेवढ्यात सूत्रसंचालकाने माझं नाव पुकारलं, "ज्यांनी मेस्तांची ही लाडकी गिटार पदरमोड करून दुरुस्त करून दिली, ते मास्तर!" मी उठलो. माइकसमोर उभा राहिलो. समोर पहिल्या रांगेत वासूची मुलगी सुलभा बसली होती. आणि मी शुद्ध मराठीत दहा मिनिटं 'थोर कलावंत' या विषयावर बोललो. ते माळेचं पाणी पुसायला हवं असं माझ्याही मनात आलं नाही, म्हणजे त्या सगळ्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला?

म्हणून हे लिहितो आहे. इथे मधे लाउडस्पीकर नाही.

तेराव्यानंतर सुलभाने दुकान आवरायला बोलावलं. मागच्या भिंतीला एक फळी होती, जुन्या पत्र्याने झाकलेली. पत्रा काढला तर रांगेने मातीचे वाळलेले गोळे. बँडवाल्यांची, डायव्हरांची, खाणकामगारांची बोटं, एवढ्या वर्षांची. "बाबांनी एकूय टाकूंक दिलो ना," सुलभा म्हणाली. गोळ्यांच्या बुडाशी पेन्सिलीने नावं होती आणि नावापुढे बाक किती ते. चड, उणो, मध्यम. कडेला एक गोळा वेगळा होता, त्याच्यातला ठसा मध्ये उंच, कडांना खोल. पालथा केला. 'वासू. बाक इल्लो.' बोटाला आलेला, पट्टीला दिलेला. त्या ठशावर मी माझं बोट ठेवलं. ते मधल्या उंचवट्यावर टेकलं आणि दोन्ही टोकं अधांतरी राहिली. दुसऱ्या हाताने दाबून वाकवायला गेलो, तर सांधा कळवळला, पण ते काही बसलं नाही. ज्या बोटांची मला किळस यायची त्या सगळ्यांच्या रांगेत, त्याच्या शेजारी, माझा गोळा होता. त्यात बोट ठेवलं. अगदी बरोबर बसलं, सरळच्या सरळ.

मी तो पालथा केला. सुलभा पलीकडे झाडू मारत होती. तिने विचारलं, "कितें बरयलां, मास्तर?"

"काही नाही. नुसतं नाव," मी म्हणालो आणि गोळा पिशवीत घातला.

तो आता लिहिताना माझ्या टेबलावर आहे. सुलभा, नुसतं नाव नव्हतं. 'मास्तर' असं लिहून बाबांनी पुढे आणखी दोन शब्द लिहिले आहेत. 'बाक ना.' म्हणजे बाक नाही. मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिले. दोन्ही शुद्ध आहेत.