पांढऱ्या मातीची अकरा घरं

"मोड ते. दुसऱ्या कोणाले सांगू नको. तुह्या हातानं मोड."

शाळेच्या आवारात पाटील उभे होते. हातात वेताची काठी. काठीचं टोक जमिनीकडं होतं. जमिनीवर आम्ही केलेला गावाचा नकाशा होता. मातीचा. चार खाटा मावतील एवढा. भोवती तिसरीची पोरं गप उभी. व्हरांड्यात हेडमास्तर, धोतराचा सोगा हातात धरून. मी त्या वर्गाचा मास्तर. पोरं मला गुरुजी म्हणायची. त्या पोरांसमोर पाटील मला 'तू' म्हणत होते.

मी खाली बसलो. अन् मोडायला लागलो.

हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सांगताना माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटू नये म्हणून. मी मोडला. माझ्या हातानं. कोणी माझा हात धरून मोडायला लावला नाही.

मी देऊळघाटकडचा. आमच्या गावच्या शाळेत मी उंबऱ्याबाहेर बसून शिकलो. नकाशा आतल्या भिंतीवर. मला दिसायची उघड्या दाराची फळी अन् गुरुजींची पाठ. गुरुजी छडीनं नद्या दाखवायचे. छडी कुठं टेकली ते आतल्या पोरांना दिसायचं. मी नुसती नावं ऐकायचो. पैनगंगा, पूर्णा, वर्धा. सगळ्या तोंडपाठ. एक दिवस गुरुजींनी विचारलं, "पूर्णा कुठून कुठं वाहते बे?" मी म्हणालो, "वरून खाली." वर्ग हसला. गुरुजीही हसले. म्हणाले, "याले बराबर ठाऊक हाय, वर कोण अन् खाली कोण." मला कळलं नाही ते काय म्हणाले. घरी येऊन बापाला सांगितलं. बाप हातातली भाकर खाली ठेवून उठून गेला, तेव्हा कळलं.

मास्तर झालो तेव्हा मनाशी धरलं, माझ्या वर्गातलं पोर नद्या कानानं शिकणार नाही. हातानं शिकेल.

नोकरी लागली ती चिखलीच्या पुढं. एस.टी.नं फाट्यावर उतरायचं अन् कोसभर चालायचं. दीक्षा घेऊन आम्हाला थोडीच वर्षं झाली होती. गाव अजून महारवाडाच म्हणायचं, आम्ही बौद्धपुरा म्हणायचो. मी तिथंच खोली घेतली. दुसरीकडं कोण देणार? महाराष्ट्र नवा नवा झाला होता. शाळेतला नकाशा मात्र त्याच्या आधीचा. नव्या राज्याची हद्द मी खडूनं मारायचो, ती रोज पुसायची, मी रोज परत मारायचो.

तिसरीचा भूगोल म्हणजे आपलं गाव अन् आपला जिल्हा. पुस्तकात चार ओळी. मी म्हणालो, पुस्तक ठेवा दप्तरात. सुतळीचा गुंडा आणला. दर दहा हातांवर गाठ मारली. एक टोक दिलं सुधाकरकडं, पाटलांचा नातू तो. दुसरं टोक वच्छीकडं. वच्छी बौद्धपुऱ्यातली. त्या पुऱ्यातून तिसरीपर्यंत पोचलेली पहिलीच पोरगी. हिशेबात पक्की, गाठी मोजताना तिची चूक होत नसे. सुधाकर गाठ विसरायचा अन् ती त्याच्यावर खेकसायची, "अबे, सात झाल्या, सहा नाई!" आणि पाटलांचा नातू मुकाट्यानं सात लिहायचा.

सुतळीला विटाळ होत नसावा. नाहीतर त्याच दिवशी आटोपलं असतं.

आठ दिवस गाव मोजलं. वरची गल्ली, देऊळ, पाटलांचा वाडा, आड, नाला. शेवटी बौद्धपुरा. वरच्या गल्लीतली पोरं तिथं पहिल्यांदा आली. कोणी नाक दाबलं नाही, कोणी पळालं नाही. गाठी मोजण्यात गुंग होती. अकरा घरं निघाली. वच्छीची माय दारात उभी राहून बघत होती. "गुरुजी, आमचं घर बी लिहून राह्यले का?" मी म्हणालो, "हाव. सगळ्यात आधी." खोटंच बोललो. लिहिलं शेवटीच होतं.

मग आवारात नकाशा मांडला. शेतं काळ्या मातीची, कारण गाव शेताला काळीच म्हणतं. घरं पांढऱ्या मातीची, कारण गावठाणाला म्हणतात पांढरी. टेकडी मुरमाची. टेकडीपासून नाला कोरला, तो वाड्यामागून, देवळाजवळून, आडाला वळसा घालून खाली बौद्धपुऱ्याशी आला, अन् पुढं पैनगंगेला मिळाला. पैनगंगा म्हणजे आवाराच्या भिंतीशी खणलेला चर. पोरांच्या नखात आठवडाभर माती होती. कोणाची काळी, कोणाची पांढरी, बहुतेकांच्या दोन्ही. मी त्या आठवड्यात जेवढा सुखी होतो तेवढा पुन्हा झालो नाही. आता बोलताना लाज वाटते, पण खरं आहे.

एक दिवस सुधाकर नाल्याकडं बघत बसला. मग म्हणाला, "गुरुजी, आमच्या वाड्यामागं बाया धुणं धुतात. ते पाणी मंग वच्छीच्या घराकडं जाते?"

"तूच सांग."

त्यानं बोटानं नाला धरला अन् खालपर्यंत आणला. "जाते ना बाप्पा." वच्छी म्हणाली, "त्याच्यानंच तं आमी रेतीत झिरा खणतो." झिरा म्हणजे नाल्याच्या रेतीतला खड्डा, त्यात झिरपून आलेलं पाणी वाटीवाटीनं भरायचं. हे मी शिकवलं नव्हतं. मातीनं शिकवलं.

चूक झाली ती पाणी सोडायच्या दिवशी.

शाळेत एक रांजण होता. बौद्धपुऱ्यातल्या पोरांनी त्याला हात लावायचा नाही. कोणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचं, नाही ओतलं तर घरी जाऊन प्यायचं. कायद्यानं हे बंद झालं होतं. कायदा चिखलीपर्यंत आला असेल, आमच्या फाट्यावर उतरला नव्हता. माझा गडूही मी वेगळाच ठेवायचो. कोणी ठेव म्हटलं नव्हतं. मीच ठेवायचो. सवय.

त्या दुपारी रांजण रिकामा होता. नकाशा वाळला होता. पोरं ओरडत होती, "पाणी! पाणी सोडा गुरुजी!" वच्छी कधी पळाली कळलं नाही. झिऱ्यावरून तांब्या भरून घेऊन आली, धापा टाकत. मी म्हणालो, "ओत टेकडीवर." तिनं ओतलं. पाणी मुरमातून निघालं, वाड्यामागून गेलं, देवळापाशी जरा अडलं. सुधाकरनं बोटानं वाट मोकळी केली अन् ओला हात तोंडावरून फिरवला. पाणी आडाला वळलं, बौद्धपुऱ्याला लागलं, पैनगंगेत पडलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या.

मी भूगोलाचा मास्तर. पण कोणाच्या तांब्यातलं पाणी कोणाच्या दारावरून गेलं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. या गावात राहून आलं नाही! इतका मी येडा.

सुधाकरनं घरी जाऊन सांगितलं. चहाडी नव्हे, आनंदानं सांगितलं. "आजी, वच्छीनं पाणी सोडलं अन् ते आपल्या वाड्यावरून गेलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील आले. शाळा समितीचे अध्यक्ष तेच. आवाज चढवला नाही. नकाशाभोवती एक फेरी मारली. वाडा ओळखला, देऊळ ओळखलं. जरा खूशही झाल्यासारखे वाटले. मग म्हणाले, "पाणी कोणं सोडलं?"

वच्छी म्हणाली, "म्या."

तिच्याकडं त्यांनी बघितलंही नाही. मला म्हणाले, "मास्तर, भूगोल शिकवतं ना तू? मंग सांग, पाणी खालून वर जाते का?"

"नाही जात."

"मंग झिऱ्याचं पाणी आमच्या वाड्यावर चढलं कसं?"

"पाटील, ही माती आहे. नकाशा आहे."

"माती हाय. पण वाडा आमचाच हाय ना? मोड ते. दुसऱ्या कोणाले सांगू नको. तुह्या हातानं मोड."

मी हेडमास्तरांकडं बघितलं. ते खाली बघत होते. माझी नोकरी पक्की झाली नव्हती. घरी म्हातारी, दोन बहिणी. ही सगळी कारणं खरी आहेत अन् त्यांतलं एकही पुरत नाही. मी टेकडी मोडली. वाडा मोडला. देऊळ मोडताना पाटलांनी डोळे मिटले. आड बुजवला. सरकत सरकत खाली आलो. बौद्धपुऱ्याशी हात थांबला.

वच्छी जवळच उभी होती. म्हणाली, "गुरुजी, आमचं घर बी मोडता का?"

पाटील म्हणाले, "समदं."

मी मोडलं. अकराच्या अकरा घरं. शेवटचं घर वच्छीचं होतं, तिनं त्याला तुरीच्या काडीचं दार लावलं होतं. काडी माझ्या बोटात शिरली. मग पाटलांचा गडी आला अन् त्या ढिगाऱ्यावर गोमूत्र शिंपडून गेला. मी हात धुतले. माझ्या वेगळ्या गडूतून.

दुसऱ्या दिवसापासून वच्छी आली नाही. तिचा बाप पाटलांचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा. त्याला सांगायचं ते सांगून झालं होतं. मी घरी गेलो. वच्छी गवत कापायला गेली होती. तिची माय चुलीपुढून उठली नाही. म्हणाली, "गुरुजी, तुमी चांगले हा. पण तुमी मोडलं अन् घरी जाऊन जेवले. आमच्या घरचं काम सुटलं तं आमी काय खावं? पोट्टीले शाळा नाई पायजे आता."

मी तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी दार लावलेलं होतं. आत कोणीतरी होतं, भांड्याचा आवाज आला. मी उभा राहिलो अन् परत आलो.

महिन्याभरानं बातमी आली, इन्स्पेक्टर साहेब येणार. साहेबांना म्हणे कृतीतून शिकवलेलं आवडतं. झालं! पाटलांचा निरोप आला, नकाशा पुन्हा मांडा. हेडमास्तर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गुरुजी, यंदा तेवढं खालचं राहू द्या. जागा पुरली नाही म्हणू." नकाशा त्यांनीच पोरांकडून करवून घेतला. पहिल्यापेक्षा देखणा झाला. वाड्याला गेरू लावला. नाला आडापाशी वळला की सरळ भिंतीशी. मधे सपाट जागा, झाडून साफ केलेली. पाणी सोडायला सुधाकर, चांदीचा गडू घेऊन, नव्या सदऱ्यात.

साहेब आले. पुण्याकडचे होते, बोलणं मऊ. पाणी वाहिलेलं बघून खूश झाले. मग त्यांनी छडी त्या सपाट जागेवर टेकवली. "मुलांनो, नाल्याच्या खालच्या अंगाला इथं काय आहे?"

सगळी पोरं गप. याच पोरांनी तिथं गाठी मोजल्या होत्या. सुधाकर माझ्याकडं बघायला लागला. मग मागून एक पोरगा म्हणाला, "काईच नाई साहेब."

"शाबास," साहेब म्हणाले.

मी मोडलेला नकाशा मातीचा होता. हा या पोरांच्या डोक्यातला होता. पाटलांनी फक्त माती मोडायला लावली होती, आम्ही मास्तरांनी वस्तीच पुसून दिली होती. मी पुढं झालो. पांढऱ्या मातीच्या टोपलीत हात घातला. सपाट जागेवर एक गोळा ठेवला. दुसरा ठेवला. हेडमास्तर म्हणाले, "गुरुजी, गुरुजी..." पाटील खुर्चीतून म्हणाले, "ए!"

मी अकरा मोजून ठेवले. मग उभा राहिलो.

"साहेब, इथं अकरा घरं आहेत. या पोरांनी सुतळीनं मोजलेली. या शेवटच्या घरातली पोरगी या वर्गात होती. हजेरीपटात तिचं नाव अजून आहे. तिनं या नकाशात पाणी सोडलं म्हणून तिची शाळा गेली. अन् नकाशा मी मोडला, यांच्या सांगण्यावरून. आता नाही मोडणार."

पाटील उठले. काठी घेऊन नकाशापर्यंत आले. म्हणाले, "मोड."

"तुम्ही मोडा," मी म्हणालो. "तुमचे हात आहेत ना?"

त्यांनी काठी उचलली. पण काठीनं मोडलं तरी महारवाड्याची माती काठीला लागली असती, अन् हातानं मोडायचं तर खाली वाकून तिला हात लावावा लागला असता. ते तसेच उभे राहिले. मग साहेबांनी चष्मा पुसला, म्हणाले, "उपक्रम चांगला आहे. चला, उशीर झाला." सगळे वाड्यावर जेवायला गेले.

बस. एवढंच झालं. तुम्हाला वाटत असेल पुढं काहीतरी झालं असेल. साहेबांनी शेऱ्यात एक ओळ लिहिली असेल, वच्छी शाळेत आली असेल. काही नाही. पंधरा दिवसांत माझी बदली घाटाखाली झाली. कारण लिहिलं होतं, 'प्रशासकीय सोय'. मी निघालो त्या दिवशी फाट्यापर्यंत कोणी आलं नाही. नकाशा गुराढोरांनी तुडवला, असं नंतर ऐकलं.

पुष्कळ वर्षांनी चिखलीच्या बाजारात वच्छी दिसली. डोक्यावर कापसाचं गाठोडं, कडेवर पोर, मागं दोन. मी ओळखलं. तिनंही ओळखलं. मला सांगायचं होतं की त्या दिवशी साहेबांपुढं मी तुमची अकरा घरं परत ठेवली. तोंड उघडलं. पण तीच आधी बोलली.

"गुरुजी, तुमी आमचं घर मोडलं होतं ना?"

रागानं नाही. आठवून विचारावं तसं. मी म्हणालो, "हाव." दुसरं काय म्हणणार? तिनं जे बघितलं ते खरं. मी परत ठेवलं तेव्हा ती तिथं नव्हती, गवत कापत होती. एस.टी. आली, ती गाठोडं वर चढवायला गेली.

मला या सगळ्यातून काही सुधारेल असं वाटत नाही. ज्या ज्या गावी बदली झाली तिथं नाल्याच्या खाली तशीच घरं होती अन् वर तसाच कोणाचातरी वाडा. पण त्यानंतर एकाही शाळेत नकाशाची सुरुवात मी टेकडीपासून केली नाही. आधी खालची घरं. मग नाला. मग बाकी गाव, जागा उरली तर. पाणी त्याच घरातलं पोर सोडेल. ज्याला सहन होत नाही त्यानं यावं, गुडघे टेकावे, अन् स्वतःच्या हातानं मोडावं.

माझे हात मिळणार नाहीत.