घरची नानकटाई

सकाळी नानकटाईचा रिकामा डबा घासायला घेतला. गार पाण्यात बोटं नुसती घसरत होती, तळाचा पांढरा थर काही हलेना. वनस्पती तूप असंच असतं. मुळात ते तेल, कारखान्यात हायड्रोजन मिसळून थिजवलेलं. नानकटाई त्यानेच खुसखुशीत होते, आणि दुखऱ्या हृदयाला तेच सगळ्यात वाईट.

यांना पहिला झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "बाहेरचं खाणं बंद." आम्ही ते कसोशीने पाळलं. वडे, फरसाण, खारी, सगळं सुटलं. फक्त मैदा, साखर आणि वनस्पतीचा पुडा घेऊन हे स्वतः बेकरीत जायचे आणि भट्टीसमोर उभं राहून नानकटाई भाजून आणायचे. सामान घरचं, म्हणून खाणंही घरचं. उंबऱ्याच्या आत आलेल्या वस्तूवर आपण संशय घेत नाही.

हे गेल्यावर काल धाकटी नणंद भेटायला आली. "वहिनी, दादा तर बाहेरचं तोंडातही घालत नव्हता. मग असं कसं झालं?" मी चहाबरोबर उरलेल्या नानकटाया पुढे केल्या. तिने डोळे पुसले, एक उचलली.

"घरचीच ना?"

मी हो म्हटलं.

शेवटी डब्यात उकळतं पाणी ओतलं. थर सुटला, वाहत गेला आणि मोरीच्या जाळीपाशी पुन्हा पांढरा होऊन बसला.