समोरून ऐकलेली रायफल

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही.

माझे बाबा रिटायर्ड सुभेदार. आज त्यांना इथे अमिरातीत, अल ऐनच्या एका शूटिंग क्लबमध्ये नेलं. तिथले इन्स्ट्रक्टर खानसाहेब पूर्वी पाकिस्तानी फौजेत होते. त्यांच्या फौजेची जुनी जी-थ्री रायफल दाखवत ते कौतुकानं म्हणाले, "गोली छूटते ही इसके रोलर बोल्ट को पलभर रोकते हैं, बस. रेत हो या बर्फ, चलती है. इसीलिए आज तक टिकी है."

बाबा म्हणाले, "मालूम है. हमने सामने से सुनी है."

खानसाहेबांनी रायफल खाली ठेवली आणि खुर्ची पुढे केली. दोघांनी चहा घेतला, नातवंडांबद्दल बोलले.

गाडीत बाबा एवढंच म्हणाले, "माणूस चांगला आहे रे." घरी आल्यापासून बाल्कनीत एकटेच बसलेत.

तुमच्या घरी कुणी फौजी आहे का? अशा वेळी विचारावं, की नुसतं शेजारी बसावं?