चादरवाल्यांचा 'आपला'

मी दुभाषी आहे. परदेशी माणसांना जिथे नागरिकत्व देतात, म्हणजे बहुतेक वेळा देत नाहीत, त्या कार्यालयात बसून मी मराठीचं इथल्या भाषेत आणि इथल्या भाषेचं मराठीत करते. अख्ख्या शहरात या कामाला आम्ही दोघीच, आणि दुसरीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी एकटीच. मला कोणाचा फार कळवळा वगैरे येत नाही, हे आधीच सांगून टाकते. अकरा वर्षांपूर्वी मीही तिथेच अर्जदाराच्या खुर्चीत बसले होते, आणि मला कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

चादरवाले मला पहिल्याच दिवशी ताई म्हणाले. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस! दुभाष्याने अर्जदाराशी नातं जोडायचं नाही असा नियम आहे, म्हणून मी त्यांना काका म्हणाले नाही. मनात चादरवाले म्हणायचे, कारण सव्वीस वर्षं ते मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात चादरी धूत आणि इस्त्री करत होते. तिथलं यंत्र वाफेचं. एकाने ओली चादर रुळांत सारायची, दुसऱ्याने पलीकडून दोन टोकं धरून ओढायची. चादरवाले ओढायच्या बाजूला. त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत एक केस नव्हता, सगळे वाफेने गेलेले. "ताई, निम्मं शहर माझ्या चादरीवर जन्मलं आणि निम्मं माझ्याच चादरीवर गेलं," असं हसत सांगायचे. तळघरात यंत्राचा आवाज इतका की बोलणं खुणांनीच. त्यामुळे इथली भाषा त्यांना 'गरम', 'ओलं' आणि 'आटप लवकर' याच्या पुढे आलीच नाही. साठीनंतर मुलाखतीला दुभाषी मिळतो, म्हणून त्यांनी साठ पूर्ण होईपर्यंत थांबून अर्ज केला आणि माझ्या वाट्याला आले.

पहिल्या मुलाखतीत त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. नागरिकत्व कशासाठी हवं, असं साहेबांनी विचारलं. हे खुर्चीतून उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या देशाने मला खूप दिलं. तुमच्या देशाचे फार उपकार आहेत."

आता मराठी माणसाला यात काय खटकणार? कोणाच्या घरी जेवलो तर आपण म्हणतोच ना, तुमच्या हाताला चव आहे. पण मी जसंच्या तसं भाषांतर केलं आणि साहेबांनी लिहिलं: सव्वीस वर्षं राहूनही अर्जदार या देशाला दुसऱ्याचा देश समजतो. अर्ज नामंजूर. वर्षाने पुन्हा करता येईल, आणि तो शेवटचा.

त्या वर्षाने त्यांचं निवृत्तीचं वय भरत होतं. त्यांचा राहण्याचा परवाना लाँड्रीच्या नोकरीवर, आणि बायकोचा परवाना त्यांच्यावर. नोकरी संपली की दोन महिन्यांत दोघांनी देश सोडायचा. मुलगी लग्न होऊन इथली नागरिक झाली होती, पण लग्न झालेल्या मुलीच्या नावावर आईबापांना राहता येत नाही. आणि बायकोच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा त्याच हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर डायलिसिस. तिकडे त्यांच्या गावापासून डायलिसिसचं जवळचं मशीन सहा तासांवर. जाऊन येऊन बारा तास, आठवड्यातून तीनदा, आणि ती बाई धड बसू शकत नाही. म्हणजे नागरिकत्व मिळालं तर बायको जगणार, नाही तर नाही. इतका सरळ हिशेब होता.

हे सगळं त्यांनी मला दुसऱ्या मुलाखतीआधी बाहेरच्या बाकावर बसून सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मी भिंतीकडे बघत होते, पण कान काय बंद करता येतात?

वर्षभर मुलीने त्यांची शिकवणी घेतली होती. "बाबा, 'तुमचा देश' म्हणायचं नाही. 'आमचा देश'सुद्धा नाही, 'आमचा' म्हटलं की साहेब बाहेर राहतो. 'आपला' म्हणा. 'आपल्या'त तुम्हीही आलात आणि साहेबही आला." मग काय, घरात आपला-आपलीचा नुसता धुमाकूळ. आपली बस आली. आपला सिग्नल लाल झाला. आपल्या महापौरबाई आजारी आहेत म्हणे. चुकून 'इथली बस' म्हटलं की मुलगी पहिल्यापासून म्हणायला लावायची. बायको अंथरुणातून म्हणाली, "अहो, मग त्या सुयापण आपल्याच ना? एकदा तुम्ही घ्या टोचून!" हे सांगताना चादरवाले इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला राग आला. वाटलं, या माणसाला प्रसंग कळतोय की नाही?

मुलाखत चांगली झाली. साहेब यावेळी वेगळे होते, तरुण, सर्दीने बेजार. नद्या विचारल्या, कायदे विचारले, मतदान कोणत्या वयापासून ते विचारलं. चादरवाल्यांनी धडाधड उत्तरं दिली. मग साहेबांनी नाक पुसलं आणि शेवटचा प्रश्न वाचला. उद्या हा देश आणि तुमचा जन्माचा देश यांच्यात भांडण झालं, तर तुम्ही कोणाच्या बाजूने?

मी मराठीत विचारलं. चादरवाल्यांचा चेहरा उजळला. वर्षभर याच प्रश्नासाठी तर घोकलं होतं. त्यांनी तो बिनकेसांचा हात असा टेबलावरून फिरवला, स्वतःपासून थेट साहेबांपर्यंत, आणि म्हणाले, "आपल्या देशाच्या."

इथल्या भाषेत 'आपण' नाही. 'आम्ही' आहे, बस. ऐकणाऱ्याला आत घेणारा आणि त्याला बाहेर ठेवणारा असे दोन वेगळे शब्द नाहीतच. जो एकच शब्द आहे तो मी म्हणाले.

साहेबांनी हात फिरलेला पाहिला नव्हता, ते कागदात होते. त्यांनी मान वर केली. आधी चादरवाल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सारख्याच रंगाची, सारखंच बोलणारी दोन माणसं समोर बसलेली. मग त्यांनी लिहायला घेतलं.

अशा वेळी दुभाष्याने हात वर करून 'खुलासा' म्हणायचं असतं. एका शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर तो माझा हक्कच आहे, नव्हे, कामच आहे. पण मागच्याच महिन्यात मी 'मावशी' या शब्दावर खुलासा केला होता, तेव्हा एका वरिष्ठ बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?" अकरा वर्षं माझ्याकडे इथलं नागरिकत्व आहे. तरीही त्या एका वाक्यानंतर मी एकही खुलासा केला नव्हता. आणि आता या साहेबांनी माझ्याकडे तसंच पाहिलं होतं. त्यांच्या डोळ्यांत तो 'आमचा' म्हणजे माझा आणि चादरवाल्यांचा होता. मी शेपूट घातली. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

घरी आल्यावर मी स्वतःची समजूत काढली. मी काही ध चा मा केलेला नाही, बाई. त्यांच्या भाषेत शब्दच नाही, त्याला मी काय करू? मी काय त्यांची भाषा केली?

तीन आठवड्यांनी निकाल आला. ज्यांना इथलं वाचता येत नाही त्यांना निकाल खिडकीपाशी दुभाष्याकडून वाचून दाखवतात. चादरवाले इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मुलगी बाहेर बाकावर बसली होती, आत एकालाच सोडतात.

मी वाचत गेले. अर्ज नामंजूर. कारण: निष्ठेविषयीच्या प्रश्नाला अर्जदाराने पुढील उत्तर दिलं. पुढे तोच तो एक शब्द होता. आता मला तो मराठीत आणायचा होता, आणि मराठीत तर दोन आहेत. 'आपल्या' म्हणाले असते तर चादरवाले तिथल्या तिथे ओरडले असते, बरोबरच तर बोललो मी! मग चौकशी झाली असती, आणि खुलासा का केला नाही म्हणून मला विचारलं असतं.

मी वाचलं, "आमच्या देशाच्या बाजूने."

"आमच्या?" ते म्हणाले. "ताई, मी आमच्या म्हणालो?"

"असं लिहिलंय."

"लिहिलंय ते सोडा हो. तुम्ही होतात ना तिथे. मी काय म्हणालो?"

खिडकीतला कारकून घड्याळाकडे बघत होता. मी म्हणाले, "आमच्या म्हणालात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर संशय घेत नव्हते. आठवायचा प्रयत्न करत होते. मग त्यांनी स्वतःच्या तोंडावर एक चापट मारली, चांगली जोरात. "मेली जीभ. वर्षभर घोकलं आणि ऐन वेळी घात केला."

खाली शेवटचं कलम होतं. तेही मी वाचलं, ते वाचावंच लागतं. भाषांतराबद्दल अर्जदाराची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावं, मुलाखतीची टेप पुन्हा ऐकली जाईल. हरकत नसेल तर इथे सही करावी.

"छे छे, हरकत कसली?" चादरवाले म्हणाले. "तुम्ही चोख काम केलंत, ताई. चूक माझी, तुमच्या नोकरीवर कशाला बालंट?"

मी त्यांना पेन दिलं. सही करायला ते खिडकीच्या फळीवर वाकले, तेव्हा नुसतं 'थांबा' म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या टेपवर त्यांचा 'आपल्या' अगदी स्वच्छ ऐकू आला असता, मला माहीत होतं. मी थांबा म्हणाले नाही. त्यांनी नाव पूर्ण लिहिलं, खाली रेघ मारली आणि कारकुनाने शिक्का मारून कागद आत ओढला.

मग ते म्हणाले, "एक कराल? बाहेर मुलीला तुम्हीच सांगा. माझा धीर होत नाही."

मी बाहेर गेले. ती उभी राहिली, माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्यामागून येणाऱ्या बापाकडे बघत. मी सांगितलं, नामंजूर झालं, ते 'आमच्या' म्हणाले.

"शक्य नाही," ती म्हणाली. "झोपेतसुद्धा आपलाच म्हणायचे ते."

"म्हणालो गं," चादरवाले म्हणाले. "ताई होत्या तिथे. मी सही करून आलो."

मुलगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "एक शब्द, बाबा. एकच शब्द शिकवला होता. आईला तुम्ही मारलंत."

चादरवाल्यांनी मान हलवली, हो म्हणून.

दोघंही मराठीतच बोलत होती, त्यामुळे माझं तिथे काही काम नव्हतं. मी आत गेले.