भंगारातला पाइप

माझ्या एटीव्हीत, म्हणजे शेतात-खडकात चालणाऱ्या चारचाकी मोटारसायकलीत, मी हौसेने मोठा पिस्टन बसवला आणि तेव्हापासून तिसऱ्यांदा इंजिनाचं हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची सांधा बंद ठेवणारी पातळ पट्टी, फुटलं. सडक अर्जुनीच्या हायवेवरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीसमोर मी गॅस्केट विकणाऱ्याला शिव्या घालत होतो.

त्याने हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, पुसून सपाट काचेवर पालथं ठेवलं. खालच्या फटीतून बिडीच्या कट्ट्याचा कागद आरपार गेला.

"हेड वाकडा झाला. बोल्ट कायनं कसले?"

मी पान्ह्याला जोडायचा लांब पाइप दाखवला. एका टोकापासून एकेक बोल्ट मी त्यानेच गच्च आवळायचो. त्याने पाइप हिसकावून भंगारात फेकला.

"समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे कसा लागते. तू ताकद दाखवून राहिला, अन् फाटला का गॅस्केटलेच शिव्या?"

मी भडकलो. पण भंगारातून पाइप उचलायची हिंमत झाली नाही.