पहिला नंबर सदूकाकांचा

रिकाम्या माणसाकडे किस्से साठतात म्हणतात. आमच्याकडे तर ढीग झालाय! कारण रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, विमानतळाच्या फाटकासमोर आम्ही पाच जणांनी रिक्षा स्टँड काढला, तेव्हा प्रवासी विमान यायचं होतं. "पुढच्या महिन्यात" येणार, असं सगळे सांगत. कुठल्या महिन्याच्या पुढच्या, ते कोणी सांगत नसे.

स्टँड म्हटला की नियम आले. ते लिहिले इस्माईलभाईंनी, कारण अक्षर त्यांचं सुरेख. चहाच्या टपरीच्या भिंतीवर पाच नावं. पहिले सदूकाका, वयाने सगळ्यांत मोठे. तिसरा मी. पाचवे स्वतः इस्माईलभाई. खाली ठळक अक्षरांत, 'नंबर बदलून मिळणार नाही.'

गावातली भाडी कोणीही मारा, पण विमानातून उतरलेलं पॅसेंजर नंबरानेच. विमान येईना, त्यामुळे काकांचा नंबर हलेना. "शाळेत कधी आला नाय, तो पहिला नंबर हितं टिकलाय बघ!" असं ते भेटेल त्याला सांगायचे.

*

एकदा हेलिकॉप्टर उतरलं! काका हातातला चहा टाकून धावले, रिक्षा चालू केली. फाटकातून छातीवर बिल्ले लावलेले एक साहेब आले. समोर त्यांची जीप, शेजारी सलाम ठोकून शिपाई. काका मध्ये घुसले.

"साहेब, शेअर का स्पेशल?"

*

मग चाचणीचं विमान येणार अशी बातमी फुटली. दिवस आंब्याचे. वाडीतल्या कुसुमवहिनी हापूसची पेटी डोक्यावर घेऊन फाटकाशी हजर! आमच्याकडे एसटीच्या ड्रायव्हरकडे पेटी द्यायची आणि मुंबईत भाच्याने उतरवून घ्यायची, ही जुनी रीत. वहिनी वॉचमनला म्हणाल्या, "पायलटकडं द्या. दादरला भाचा उभा राहील."

"वहिनी, विमान दादरला थांबत नाय."

"नाय थांबत? मग मेल्याचा उपयोग काय!"

*

शेवटी तारीख ठरली आणि गावाने देवाला नारळ ठेवला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा, विमान सुखरूप उतरू दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि चुकून गोव्याकडं गेलाच, तर तिकडून फिरवून हितं आण रे महाराजा!"

सगळ्यांत मोठ्याने "व्हय महाराजा" म्हणाले ते मुंबईहून आलेले मोठे इंजिनिअर!

*

आणि तो दिवस उजाडला! त्याच विमानाने इस्माईलभाईंचा समीर येणार होता. तीन वर्षांनी, दुबईहून मुंबई आणि मुंबईहून थेट रत्नागिरी! भाईंनी रिक्षा धुतली, हार घातला. "पोराला सांगितलंय, मी राजापूरला भाड्यावर आहे. एकदम समोर उभा राहीन आणि माझ्या रिक्षातनं घरी नेईन!" आनंदाने त्यांना चहा जाईना.

विमान दिसलं. सड्यावर जमलेली माणसं ओरडायला लागली. चाकं टेकली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, उगाच कशाला लपवू?

तेवढ्यात भाईंना भिंत आठवली. त्यांचा नंबर पाचवा!

"जा रे इस्माईल, पोर तुझा हाय," काका म्हणाले.

"आणि तो पहिला बाहेर आला तर? पहिलं भाडं तुमचं, काका. नियम मी लिहिलाय, मीच मोडू?"

"मी सांगतोय ना!"

"इतकी वर्षं वाट कोणी बघितली? तुम्ही! पोरगा तुमच्याच रिक्षात बसणार!"

"बापाच्या बसंल!"

मग आम्ही उरलेले तिघेही त्यात पडलो. दोघे काकांच्या बाजूने, मी भाईंच्या. पाचही जण फाटकाकडे पाठ करून भिंतीसमोर हातवारे करत उभे. कोणी ऐकेना, अर्धा-पाऊण तास गेला. शेवटी भाईंचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"अब्बा, मी घरी पोचलो! फाटकासमोर एसटी सुटत होती, धावत पकडली. तुम्ही राजापूरवरून कधी येताय? अम्मी जेवायची थांबलीय."

आम्ही मागे वळलो. फाटकात वॉचमन सोडून कोणी नव्हतं.

भाई मटकन बाकड्यावर बसले. काकांनी भाईंच्या रिक्षाचा हार काढला, आपल्या रिक्षाला घातला आणि मीटर पाडला.

"बसा, इस्माईलभाई. पहिलं पॅसेंजर!"